शेवटची दहा मिनिटं

निसर्गपट संपल्यावर शेवटी जी दहा मिनिटं लागतात ना, त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. म्हणजे बघा, वाघ-पेंग्विन-देवमासे पडद्यावरून जातात, संगीत ओसरतं, आणि एकदम एक दाढी वाढलेला, थंडीने नाक लाल झालेला माणूस तंबूत बसून सांगायला लागतो की आज तिसरा आठवडा, अजून काहीच दिसलेलं नाही. आमच्या घरी या दहा मिनिटांवरून सरळ दोन तट आहेत. भाच्यांच्या मते कार्यक्रम संपला, आता टीव्ही बंद. आई मात्र तेव्हाच सरसावून बसते. बिबट्याचं काय व्हायचं ते होईल, पण या बिचाऱ्याला तिथे जेवायला कोण घालतं, हा तिचा ठरलेला प्रश्न. आम्ही सगळे हसतो. पण गेले काही महिने या पडद्यामागच्या चित्रपटांचा इतिहास धुंडाळताना मला वाटायला लागलंय की आईने नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्याकडे पुढे येतेच.

ही दहा मिनिटं जन्माला आली ती बरीचशी वेळापत्रकामुळे. बीबीसीवर जाहिराती नसतात, त्यामुळे तिथे तास म्हणजे पुरता तास. पण हेच कार्यक्रम ज्या परदेशी वाहिन्यांना विकायचे, तिथे तासातली बरीच मिनिटं जाहिराती खाणार. मग मुख्य कार्यक्रम ५० मिनिटांचा करायचा आणि घरच्या प्रेक्षकांसाठी उरलेली १० मिनिटं 'आम्ही हे कसं टिपलं' याने भरायची. २००१ च्या 'द ब्लू प्लॅनेट'मध्ये या तुकड्याचं नाव होतं 'मेकिंग वेव्ह्ज', २००६ च्या 'प्लॅनेट अर्थ'मध्ये 'प्लॅनेट अर्थ डायरीज'. तेव्हापासून ही प्रथाच पडली. आता तर ही दहा मिनिटं नसली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, जेवणानंतर बडीशेप न मिळाल्यासारखं.

पण गोष्ट याच्या शंभर वर्षं मागून सुरू होते, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात एका बैलापासून होते.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ. शेतकरी घरातले, लहानपणापासून रानात हिंडलेले. रिचर्ड लिहायचा, चेरी फोटो काढायचा. १८९५ साली त्यांचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं. त्यातले फोटो जिथली घरटी तिथे जाऊन काढलेले होते, आणि तेव्हा ही नवलाची गोष्ट होती. आपले पक्षीनिरीक्षक ज्याला लपण म्हणतात, त्याचे नाना प्रकार या दोघांनी करून पाहिले. खोटा खडक केला, पेंढा भरलेली मेंढी केली, आणि १९०० साली चक्क एक बैल केला. बैलाचं खरं कातडं, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत कॅमेरा घेऊन एक कीअर्टन बंधू ओणवा! पाखरांना बैलाची भीती वाटत नाही, एवढंच साधं गणित.

मला आवडतं ते पुढचं. हा बैल त्यांनी लपवला नाही. त्या बैलाचे, खडकाचे, कड्यावरून दोराने लोंबकळणाऱ्या चेरीचे, एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून घरट्याचा फोटो काढतोय त्याचे, असे सगळे फोटो त्यांनी पुस्तकांत छापले. पाखरू आणि पाखरू टिपणारा माणूस, दोघंही एकाच पुस्तकात. वाचकांनाही ते आवडलं. याचा अर्थ पडद्यामागची गोष्ट ही काही नंतर सुचलेली पुरवणी नव्हे. निसर्गाचे फोटो जितके जुने, जवळजवळ तितकीच तीही जुनी.

पुढे चेरी चलचित्रांकडे वळला, आणि इथे पहिला दणका बसला. १९०९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी आफ्रिकेत गेले होते. शिकागोतल्या विल्यम सेलिग नावाच्या निर्मात्याने एक म्हातारा सिंह विकत घेतला, स्टुडिओत खोटं जंगल उभं केलं, रूझवेल्टसारखा दिसणारा नट आणला, शिकागोतल्याच कृष्णवर्णीयांना आफ्रिकन आदिवासी म्हणून उभं केलं आणि तो सिंह कॅमेऱ्यासमोर गोळी घालून मारला. 'हंटिंग बिग गेम इन आफ्रिका' हा तो चित्रपट. नाव कुठेही रूझवेल्टचं नाही, पण लोकांना जे समजायचं ते समजले, आणि तिकिटं धडाधड खपली. चेरी कीअर्टन खरोखर आफ्रिकेत जाऊन, खऱ्या रूझवेल्टना भेटून १९१० साली 'रूझवेल्ट इन आफ्रिका' घेऊन आला, तर लोक कंटाळले. सिंह म्हणावा तसा जवळ नाही, थरार नाही! खऱ्याला खोट्याची सर येईना. मला वाटतं या धंद्यातल्या पुढच्या सगळ्या भानगडींचं बी इथेच पडलं.

इथे जरा आपल्याकडे वळते, कारण राहवत नाही. 'राजा हरिश्चंद्र' काढायला भांडवल हवं म्हणून दादासाहेब फाळक्यांनी आधी एक छोटीशी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाण्याचं बी पेरायचं आणि त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपत जायचं. पडद्यावर ते रोप काही क्षणांत वर येतं. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशीसुद्धा एक निसर्गपटच आहे म्हणायचा. आणि याच माणसाने १९१७ साली 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची फिल्म काढली. तिच्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात, आणि तिचा काही भाग आजही शिल्लक आहे. आधी जादू करून दाखवायची आणि मग ती कशी केली तेही दाखवायचं! दोन्ही हौशी एकाच माणसात असाव्यात याचं मला फार अप्रूप वाटतं. असो. मूळ मुद्द्याकडे येते.

टीव्ही आला तेव्हा सुरुवातीची काही वर्षं पडद्यामागचं आणि पुढचं असा फरकच नव्हता. आर्मंड आणि मिकेला डेनिस हे जोडपं १९५०च्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर घराघरांत पोचलं. त्यांच्या कार्यक्रमांची नावंच पाहा: १९५४ साली 'फिल्मिंग वाइल्ड ॲनिमल्स', १९५५ साली 'फिल्मिंग इन आफ्रिका'. प्राणी हा विषय होताच, पण त्यांचं चित्रण करणं हाही विषय होता. त्याच १९५४ साली बीबीसीवर 'झू क्वेस्ट' सुरू झालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले जॅक लेस्टर ते सादर करणार होते, पण ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी एक तरुण निर्माता उभा राहिला, डेव्हिड ॲटनबरो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाचं ॲटनबरोचं काम म्हणजे प्राणी शोधायचा, पकडायचा, लंडनला आणायचा. आज ते बघताना जरा अंगावर काटा येतो. पण नदी कशी ओलांडली, वाट दाखवणारा कोण होता, पिंजरा कसा बांधला हे सगळं मूळ कार्यक्रमातच असायचं, त्यासाठी वेगळी दहा मिनिटं लागायची नाहीत.

मग माणूस पडद्यावरून गेला कधी?

एका बाजूने तंत्राने त्याला हाकललं. हाइन्झ झीलमान या जर्मन चित्रकाराने सुतारपक्ष्याच्या ढोलीला मागच्या बाजूने भोक पाडून तिथे काच बसवली आणि आतलं बाळंतघर टिपलं. १९५५ साली बीबीसीवर ते दाखवलं तेव्हा प्रेक्षक वेडे झाले. पिल्लांच्या चोचीत चोच घालणारी आई इतक्या जवळून कुणी पाहिलीच नव्हती. एकदा असं आतलं दिसायला लागल्यावर बाहेर उभ्या माणसाचं कौतुक कोणाला! झीलमानने आपली युक्ती नंतर पुस्तक लिहून सांगितली, ते सोडा. पडद्यावर मात्र ढोली आणि आपण, मध्ये कोणी नाही.

दुसऱ्या बाजूने डिस्नेने हाकललं. 'ट्रू-लाइफ ॲडव्हेंचर्स' ही त्यांची चित्रपटमालिका १९४८च्या 'सील आयलंड'पासून सुरू झाली आणि तिने ऑस्करवर ऑस्कर मिळवले. त्यांत माणूस औषधालाही नसे. नुसती निसर्गमाता, निवेदन आणि वाद्यवृंद. मात्र डिस्नेला पडद्यामागच्या गोष्टीची किंमत कळत होती. १९५५ साली त्यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात या मालिकेच्या कॅमेऱ्यांमागे काय चालतं त्याचा एक भागच दाखवला. हालअपेष्टा, चिकाटी, महिनोन्महिने वाट बघणारे चित्रक. आणि तीनच वर्षांनी, १९५८ साली, 'व्हाइट विल्डरनेस' आला.

लेमिंग म्हणजे उंदरासारखा, ध्रुवाकडच्या प्रदेशातला छोटा प्राणी. ते हजारोंनी एकत्र निघतात आणि कड्यावरून समुद्रात उड्या मारून जीव देतात, अशी एक जुनी समजूत. 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये हे चक्क घडताना दिसलं आणि चित्रपटाला उत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. समजूत पक्की झाली. इंग्रजीत आजही आंधळेपणाने घोळक्यामागे जाणाऱ्या माणसाला लेमिंग म्हणतात. सत्य बाहेर आलं ते १९८२ साली, कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवरच्या 'क्रूएल कॅमेरा' या कार्यक्रमात. जिथे चित्रण झालं त्या अल्बर्टा प्रांताला समुद्रच नाही आणि तिथे लेमिंगही नसतात. ते मॅनिटोबातून, तिथल्या इनुइट मुलांना पैसे देऊन गोळा केलेले. बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर थोडेसेच लेमिंग पळवले, वेगवेगळ्या कोनांतून टिपले, की झुंड तयार. आणि शेवटी त्यांना कड्यावरून खाली लोटलं. ज्याला समुद्र म्हटलं ती नदी होती.

हे वाचून मी बराच वेळ त्या १९५५च्या भागाचा विचार करत होते. कॅमेऱ्यामागचं दाखवणारी आणि प्राण्यांना कड्यावरून ढकलणारी कंपनी एकच. कष्टांबद्दल ती खोटं बोलत होती असंही नाही, डिस्नेच्या चित्रकांनी खरोखरच हाल सोसले होते. पण कष्ट दाखवले की बाकीचंही खरंच असणार असं आपण धरून चालतो. एवढा गारठलेला माणूस खोटं कशाला बोलेल! मला वाटतं, पडद्यामागच्या चित्रपटाची खरी ताकद यात आहे. आणि धोकाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या जोडीबद्दल. ॲलन आणि जोन रूट, केनियातले. वाळवीच्या वारुळावरचा त्यांचा 'मिस्टिरियस कॅसल्स ऑफ क्ले' (१९७८) जमलं तर जरूर पाहा. १९८०च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या कामावर एक फिल्म झाली, 'टू इन द बुश'. अमेरिकेत ती 'लाइट्स, ॲक्शन, आफ्रिका' या नावाने गाजली. त्यात एक प्रसंग आहे. विष थुंकणाऱ्या नागाचं चित्रण करायचंय. नाग थुंकतो समोरच्याच्या डोळ्यांवर, तेव्हा समोर कोणीतरी हवं. ॲलन कॅमेऱ्यामागे, म्हणजे उरली जोन. ती चष्मा लावून नागासमोर जाते, आणि तो थुंकतो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं. एक तर बायकोला पुढे करून कॅमेरा चालवणारा नवरा हे दृश्य काही आपल्याला अगदीच अनोळखी नाही (आमच्या घरच्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट्स आठवा!). पण मुख्य म्हणजे, ही फिल्म नसती तर जोन रूट नावाची बाई कशी दिसते, काय करते हे जगाला फारसं कळलंच नसतं. मोहिमांची तयारी, सामानसुमान, जखमी-अनाथ प्राणी सांभाळणं, सगळं ती करायची. स्वभावाने बुजरी, बोलायची कमी. ॲलनला गंमत करायची, धाडस करायची भारी हौस. एकदा घोणसाच्या जातीच्या सापाने, पफ ॲडरने, डसून त्याचं एक बोट गेलं, एकदा पाणघोड्याने पाय चावला. त्याचे किस्से सगळे सांगतात. पुढे ते वेगळे झाले. जोन नैवाशा सरोवराकाठी राहून तिथली बेकायदा मासेमारी थांबवण्यासाठी झगडत राहिली. जानेवारी २००६ मध्ये तिच्या घरात शिरून कोणीतरी तिचा गोळ्या घालून खून केला. ॲलन २०१७ साली गेला.

तोवर टीव्हीवर मोठ्या मालिकांचा काळ सुरू झाला होता. १९७९चं 'लाइफ ऑन अर्थ', मग 'द लिव्हिंग प्लॅनेट', मग १९९०चं 'द ट्रायल्स ऑफ लाइफ'. पडद्यामागचं आता वेगळ्या फिल्ममध्ये जायला लागलं. 'ट्रायल्स ऑफ लाइफ'सोबत आलेल्या अशा फिल्मचं नाव मजेशीर होतं, 'पुन्हा एकदा वारुळात' अशा अर्थाचं. आपल्याकडे १९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी आली तेव्हा यातलं कितीतरी आपण पहिल्यांदा पाहिलं, मात्र फक्त पुढची बाजू.

मग डीव्हीडी आल्या आणि 'मेकिंग ऑफ' हा त्यांचा हक्काचा जोडपदार्थ झाला. मी इथे एकाच डीव्हीडीबद्दल बोलते. झाक पेराँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'विंग्ड मायग्रेशन' (२००१). स्थलांतर करणाऱ्या बदकांच्या, करकोच्यांच्या, बगळ्यांच्या इतक्या जवळून कॅमेरा उडतो की आपल्याच बगलेखाली पंख फुटल्यासारखं वाटतं. पक्ष्यांच्या चित्रणात कुठेही स्पेशल इफेक्ट वापरलेले नाहीत, असं चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. अक्षरशः खरं आहे ते! पण डीव्हीडीवरची मेकिंगची फिल्म पाहिली की कळतं, त्यातले बरेच पक्षी अंड्यात असल्यापासून माणसांनी वाढवलेले. अंड्यांना माणसांचे आवाज, इंजिनाचे आवाज ऐकवलेले, म्हणजे पिल्लू बाहेर आलं की माणसालाच आई समजणार आणि हलक्या विमानामागे बिनदिक्कत उडणार. हे कळल्यावर चित्रपट मला कमी नाही, जास्तच आवडला. पण ज्याने फक्त थिएटरात पाहिला त्याला हे कधीच कळलं नसेल, तो रानटी पक्षीच समजून घरी गेला असेल. खरं सांगायचं ते सांगितलं, पण वेगळ्या डबीत ठेवून.

'प्लॅनेट अर्थ'चा डीव्हीडी संच दादाने अमेरिकेहून आणला होता. आमच्या घरातले ते दोन तट तेव्हापासूनचे. त्यातली हिमबिबट्याची डायरी आईची लाडकी. पाकिस्तानच्या डोंगरांत त्या एका प्राण्यासाठी तीनेक वर्षं खेपा घातल्या होत्या. एक तर तो दिसत नाही, दिसला तर दगडात मिसळून जातो, आणि त्याच डोंगरात तेव्हा ओसामा बिन लादेनचा शोध चाललेला! शेवटी मारखोर नावाच्या रानबोकडामागे कड्यावरून धावणारी मादी त्यांना मिळते. मिनिटभराची झटापट, आणि बोकड नदीत उडी घालून निसटतो. तीन वर्षांत एवढंच. हे माहीत असल्यावर ते मिनिट वेगळंच दिसतं, यात शंका नाही.

पण या सगळ्या डायऱ्या ओळीने पाहिल्यावर एक गोष्ट खटकायला लागते. थंडी दिसते, डास दिसतात, वटवाघळांच्या विष्ठेचा डोंगर आणि त्यावरची झुरळं दिसतात, वाट पाहणं तर दिसतंच दिसतं. आवाज मात्र कधी दिसत नाही. अर्धा किलोमीटर दूरवरून मोठ्या लेन्सने टिपलेल्या अस्वलाच्या पावलांची करकर कोणत्या माइकने ऐकली? कोणत्याच नाही. ती नंतर स्टुडिओत केलेली असते. बर्फावरच्या पावलांसाठी कस्टर्ड पावडर दाबतात म्हणे. ख्रिस पामर या अमेरिकन निर्मात्याने २०१० साली 'शूटिंग इन द वाइल्ड' हे पुस्तक लिहिलं, त्यात असं बरंच काही आहे. ओढ्यातून जाणाऱ्या अस्वलाचा पाण्याचा आवाज तुम्ही कसा मिळवला, असं त्यांच्या पत्नीने कौतुकाने विचारलं, तर तो भांड्यातल्या पाण्यात हात हलवून काढलेला निघाला. लांडग्यांवरच्या आपल्या मोठ्या पडद्याच्या चित्रपटात पाळीव लांडगे वापरले होते हेही त्यांनी सांगून टाकलं. हे सगळं त्यांनी लिहिलं ते पुस्तकात. शेवटच्या दहा मिनिटांत तशी कबुली देताना मी फारसं कोणाला पाहिलेलं नाही.

२०११ साली हे प्रकरण बीबीसीच्या चांगलंच अंगाशी आलं. 'फ्रोझन प्लॅनेट'च्या एका भागात बर्फाखालच्या बिळात ध्रुवीय अस्वलाची पिल्लं जन्मतात. तो भाग खऱ्या आर्क्टिकच्या दृश्यांमध्ये बेमालूम जोडला होता, पण पिल्लं जन्मली होती नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात. वर्तमानपत्रांनी गहजब केला. ॲटनबरोंचं म्हणणं साधारण असं, की रानातल्या बिळात कॅमेरा घातला तर आई एक तर पिल्लू मारेल नाहीतर कॅमेरामन, आणि मध्येच 'हे प्राणिसंग्रहालय आहे' असं सांगितलं तर गोष्टीचा विचका होतो. मला त्यातलं अर्धं पटतं. अस्वलीणीला त्रास देऊ नये हे शंभर टक्के खरं. पण सांगायला जागा नव्हती असं काही नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी 'फ्रीझ फ्रेम' नावाची दहा मिनिटं होतीच की! खुलासा मात्र ठेवला होता वेबसाइटवरच्या एका व्हिडिओत.

त्याच वर्षीच्या 'ह्यूमन प्लॅनेट'चं तर आणखी पुढचं. पापुआच्या जंगलातले कोरोवाई लोक उंच झाडावर घर बांधून राहायला जातात, असा त्यातला गाजलेला प्रसंग. २०१८ साली बीबीसीच्याच दुसऱ्या एका मालिकेत विल मिलार्ड हा लेखक त्या लोकांमध्ये जाऊन राहिला, तर त्यांनी त्याला सांगितलं की ही उंच घरं आम्ही परदेशी चित्रपटवाल्यांसाठी बांधतो, आम्ही तिथे राहत नाही. बीबीसीला चूक मान्य करावी लागली. 'ह्यूमन प्लॅनेट'च्याही प्रत्येक भागाला शेवटची पडद्यामागची दहा मिनिटं होती, बरं का. पण खरं पडद्यामागचं कळलं ते सात वर्षांनी, दुसऱ्या कोणीतरी त्या लोकांना विचारल्यावर.

आता आईचा प्रश्न. जेवायला कोण घालतं?

त्या हिमबिबट्याच्या डायरीत निसार मलिक नावाचे एक पाकिस्तानी पत्रकार आहेत. ते नसते तर ती मोहीम त्या प्रदेशात पोचलीच नसती. त्यांच्या मागे आणखी कितीजण, हमाल, स्वयंपाकी, डोंगर ओळखणारे गावकरी. ५० मिनिटांच्या भागात यांतलं कोणीच नसतं. दिसले तर त्या दहा मिनिटांत, तेही कोपऱ्यात. म्हणून मी या दहा मिनिटांना कितीही नावं ठेवली तरी ती हवीच असं म्हणते.

आपल्या पेंचचंच उदाहरण घ्या. २००८ साली आलेली 'टायगर: स्पाय इन द जंगल' मध्य प्रदेशातल्या पेंचमध्ये चित्रित झाली. वाघांना हत्तींची सवय असते, म्हणून हत्तींच्या सोंडेत, सुळ्यांवर कॅमेरे दिले आणि बछड्यांचं बालपण अगदी हातभर अंतरावरून टिपलं. त्या बछड्यांमधली एक पुढे कॉलरवाली म्हणून जगप्रसिद्ध झाली, २९ बछड्यांची आई, जानेवारी २०२२ मध्ये वारली तेव्हा लोकांनी हार वाहून तिला निरोप दिला. या फिल्मचं श्रेय सगळे हत्तींना देतात, ते योग्यच आहे. पण हत्ती काही आपल्या मनाने कॅमेरा घेऊन वाघिणीच्या दारात जाऊन उभा राहत नाही. त्याला नेणारा, थांबवणारा, वाघीण गुरगुरली की वेळेवर मागे घेणारा माहूत असतो. पहाटे पगमार्क बघून ती कुठे बसली असेल हे सांगणाराही बऱ्याचदा तोच. त्या सोंडेतल्या कॅमेऱ्याचं नाव अजून लोकांच्या लक्षात आहे. माहुताचं नाव विचारून बघा कोणाला.

अलीकडे मात्र या प्रकारात काहीतरी बदललंय, आणि ते मला मनापासून आवडलंय. २०१८च्या 'डायनॅस्टीज'मध्ये सम्राट पेंग्विनचा भाग आहे. तिघांचं पथक जवळजवळ वर्षभर अंटार्क्टिकात. वादळात काही पेंग्विन पिल्लांसकट बर्फाच्या घळीत अडकतात. बाहेर येता येत नाही. एकेक पिल्लू मरायला लागतं. निसर्गपटवाल्यांचा पहिला नियम म्हणजे हात लावायचा नाही. जे घडतं ते घडू द्यायचं. इथे मात्र त्या तिघांनी फावडी घेतली, घळीला उताराची एक वाट खणली आणि बाजूला झाले. पेंग्विन त्या वाटेने वर आले. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, प्रेक्षकांना दाखवलं. त्यावर खूप वाद झाला. माझ्या मते शेवटच्या दहा मिनिटांच्या सगळ्या इतिहासात हा क्षण वेगळा आहे, कारण इथे थंडी आणि चिकाटी नाही, एक निर्णय दिसतो. आम्ही हे केलं, का केलं, आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. २०१९च्या 'अवर प्लॅनेट'च्या मेकिंगमध्ये कड्यावरून कोसळणारे वॉलरस बघून चित्रपथक रडतं. तिथे कोणी काही करूच शकत नव्हतं. त्या दृश्याच्या कारणांवरूनही पुढे वाद झाले, तिथे ध्रुवीय अस्वलं होती का, त्यांच्यामुळे ते पडले का वगैरे. पण निदान वाद घालायला समोर काहीतरी होतं.

याच्या उलट टोकालाही मजा आहे. २०१७च्या 'स्पाय इन द वाइल्ड'मध्ये वानरांच्या टोळीत यांत्रिक पिल्लू सोडलं होतं, राजस्थानात. एका वानराच्या हातून ते पडलं, निपचित राहिलं, आणि सगळी टोळी भोवती जमून एकमेकांना बिलगून बसली. म्हणजे कॅमेऱ्याचाच शोक! पडद्यामागची वस्तूच पडद्यावरचं पात्र झाली. कीअर्टनचा बैल आठवला मला.

आमच्या ठाण्याला येऊर लागूनच. २०१६च्या 'प्लॅनेट अर्थ २'मधल्या शहरांच्या भागात मुंबईतले बिबटे दाखवले होते, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, रात्रीच्या अंधारात राखाडी-पांढरे. वस्तीच्या अगदी कडेने डुकरांच्या मागे हिंडणारे. तेव्हा आमच्या इमारतीत आठवडाभर तोच विषय होता. गेल्या महिन्यात नात्यातल्या ग्रुपवर असाच एक व्हिडिओ आला: कोणत्या तरी सोसायटीच्या आवारात भर दुपारी बिबट्या झोपाळ्यावर बसलाय. सात जणांनी बदाम टाकले, दोघांनी 'काळजी घ्या' लिहिलं. धाकट्या भाच्याने तेवढं विचारलं, एआय आहे का? मी विचारलं, हा काढला कोणी, आणि तो कुठे उभा होता? पाठवणाऱ्या मामेभावाने हात जोडल्याचं चित्र पाठवलंय. बाकी उत्तर अजून यायचंय :-)